दात येणारं पिल्लू आणि आपला धीर

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

वरवट बकालहून आम्ही बोलतोय, बचत गटांचं काम पाहणाऱ्या तुमच्याच बाया. कोणी वावरातून नुकत्या आल्या असाल, कोणी चुलीपाशी असाल, कोणी शेळ्यांना पाला टाकत असाल. हातातलं काम सोडू नका. काम करता करता ऐका.

एरवी आम्ही कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा, पोरींची शाळा यांवर बोलतो. आज बोलायचं आहे कुत्र्याच्या पिल्लावर. हसू नका. ज्या घरात पाच-सहा महिन्यांचं पिल्लू आहे, त्या घरच्या बाईला आत्ता हसू येत नसेल. तिची एक चप्पल ओसरीत असेल आणि दुसरी उकिरड्यावर. वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ फाटला असेल. मोबाईलच्या चार्जरची वायर तुटली असेल. घरधनी म्हणत असेल, "कायले आणलं हे कुत्रं? सोडून ये त्याले कुठंतरी."

आज बोलायचं आहे ते या "सोडून ये" बद्दल. कारण आम्ही एकदा सोडून आलो आहोत.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. आमच्या गटातल्या एका काकूंनी पिल्लू पाळलं होतं. काकूंचं वावर सातपुड्याकडच्या अंगाला. रात्री रानडुक्कर येतं, रोही येतात, हरभऱ्यात धुमाकूळ घालतात. राखणीला कुत्रं हवंच. पिल्लू गुणी होतं, पण चार महिन्यांचं झालं आणि दिसेल ते चावायला लागलं. चपला, झाडू, पोत्यांची तोंडं, खाटेची दोरी. घरातले त्याला मारायचे. चप्पल तोंडात दिसली की त्याच चपलेनं मार. संध्याकाळी घरी आल्यावर सकाळी फाडलेलं पोतं दिसलं की त्यावरून मार. मग पिल्लू हात दिसला की अंग चोरायला लागलं. आम्हाला वाटलं, शिकतंय. नऊ महिन्यांचं झालं तेव्हा काकूंच्या नातवानं त्याच्या तोंडातला चेंडू काढायला हात घातला, आणि ते पोराच्या मनगटाला चावलं.

पोराला दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं झाली, पोरगं बरं झालं. पण कुत्र्याला घरात ठेवायला कोणी तयार होईना. गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून दिलं. पंधरा-वीस दिवसांनी ते शेगाव रस्त्याच्या कडेला मेलेलं दिसलं. गाडीखाली आलं असावं.

सख्यांनो, त्या कुत्र्याला माणसाचा हात म्हणजे मार, हे कोणी शिकवलं? आपणच. चावण्याचं वय होतं म्हणून ते चावत होतं. वय निघून गेलं असतं. आपला धीर त्याच्या आधी संपला.

दुसऱ्या वेळी मात्र आम्ही वेगळं वागलो. दुसरं पिल्लू म्हणजे मोत्या. गटाच्या बैठका जिथं होतात, त्या मावशींच्या घरी तो पोळ्याच्या सुमाराला आला, दोन महिन्यांचा. दिवाळी झाली, कापूस वेचणी सुरू झाली, आणि एका बैठकीला मावशी कार्यवाही वही घेऊन आल्या तर वहीचा कोपरा गायब! तीन महिन्यांचे ठराव, सह्या, अंगठे, सगळ्यांचे कोपरे कुरतडलेले. मावशींना रडू येत होतं. एक वहिनी म्हणाल्या, "मावशी, कुत्रं नाही, हा तर उंदीर पोसला तुम्ही!" कोणी हसलं, कोणी चिडलं. पुन्हा तोच ठराव पुढं आला, सोडून या.

त्या दिवशी आमच्यात पशुसखी बसली होती. शेळ्यांच्या लसीकरणासाठी आली होती. तिनं मोत्याला मांडीवर घेतलं, त्याचा ओठ हळूच वर केला आणि म्हणाली, "आधी हे बघा." पुढचे दोन बारीक दात पडलेले, हिरडी लाल, एक दात हलत होता. मावशींना आठवलं, दोन दिवसांपूर्वी त्यानं टाकलेल्या भाकरीला रक्त लागलेलं होतं. आपल्या लेकराला दात येतात तेव्हा ते बोट चावतं, खाटेचा पाय चावतं. तेव्हा आपण त्याला पोत्यात घालून सोडून येतो का?

तिनं त्या दिवशी जे सांगितलं, ते पुढं आम्ही जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं, आणि मोत्यावर करून पाहिलं. तेच आज सांगतो.

आधी दातांचा हिशोब. कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे २८ दात येतात, सुईसारखे टोकदार. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. ते ४२ असतात. या काळात हिरड्या ठणकतात. काहीतरी चावलं की बरं वाटतं. पोळ्याला आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू धरा. दिवाळीच्या आसपास त्याचे दात पडायला लागतात आणि संक्रांतीपर्यंत बहुतेक नवे दात आलेले असतात.

इथंच आपली फसगत होते. संक्रांत झाली, दात आले, आपल्याला वाटतं आता संपलं. आणि होळीच्या सुमाराला ते दुप्पट जोरानं सुरू होतं. मोत्यानं संक्रांतीपर्यंत जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं होळीच्या महिन्यात केलं. ठिबकची नळी सहा ठिकाणी फोडली, मावशींच्या जावयाचा बूट फाडला. हे दात येण्याचं चावणं नाही. ही वयात येणाऱ्या जनावराची मस्ती आहे. जबड्यात ताकद आलेली, अंगात रग, आणि दिवसभर काम काही नाही. हा काळ वर्ष-दीड वर्षाचं होईपर्यंत चालतो, थोराड अंगाच्या कुत्र्यांचा दोन वर्षांपर्यंतही. कुत्रं सोडून देण्याचा विचार घरात येतो तो बहुतेक याच दिवसांत, कारण मालकाला वाटतं, "हे आता असंच राहणार." तसं नसतं. ते मोठं होत असतं.

आता करायचं काय?

पहिली गोष्ट, उचलून ठेवा. चपला, वह्या, पासबुकं, चार्जर, पोरांची दप्तरं खुंटीला किंवा फळीवर. पिल्लू वाकून पाहतं तेवढ्या उंचीवर काही ठेवायचं नाही. आमच्या गटाची वही तेव्हापासून पत्र्याच्या पेटीत असते. जे तोंडाला लागलंच नाही, त्याची सवयही लागत नाही.

यात चपलेपेक्षा मोठा धोका आहे, तो ध्यानात घ्या. आपल्या घरांत, गोठ्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, औषध लावलेलं बियाणं, उंदरांचं औषध पडलेलं असतं. पिल्लू प्लॅस्टिकची बाटली हमखास चावतं. हे सगळं कुलपात ठेवा. पिल्लासाठीही आणि लेकरांसाठीही. मोटारीची आणि घरातली उघडी वायर तशीच. सुईदोरा, लोकरीचे तुकडे, मोजे पोटात गेले तर आतड्यात अडकतात. मक्याचं बोंड आणि आंब्याची कोयही आतड्यात अडकते. उन्हाळ्यात आंबे खाऊन कोया अंगणात फेकू नका. शिजवलेलं हाड फुटून त्याच्या काड्या होतात, त्या घशात आणि आतड्यात रुततात. कोंबडीचं मटण झालं की हाडं कुत्र्याला, ही आपली रीत बंद करा.

दुसरी गोष्ट, चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या. चावणं बंद होत नाही, ते दुसरीकडं वळवायचं असतं. बाजारातलं खेळणं घ्यायची गरज नाही. जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडा, तिची घट्ट वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठ मारा. पाण्यात भिजवून माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवा. थंड झाली की द्या. ठणकणाऱ्या हिरड्यांना फार बरं वाटतं. धागे सुटायला लागले की ती वेणी फेका, नवी करा. तव्यावर जरा जास्त कडक केलेली ज्वारीची भाकर द्या. गाजर द्या. एक ओळखायची खूण सांगतो. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. नख थोडंही उमटत नसेल, तर ती दाताला जास्त कठीण आहे. तिनं दात फुटेल. दगड आणि वाळलेली मोठी हाडं म्हणून नकोत.

आणि एक चूक आम्ही सगळ्यांनी केलेली आहे. जुनी चप्पल पिल्लाला खेळायला देणं. आपल्याला कळतं, ही जुनी, ती नवी. त्याला चप्पल म्हणजे चप्पल. तुम्हीच एक दिलीत, आता बाकीच्याही त्याच्याच.

तिसरी गोष्ट, ओढू नका, बदला. पिल्लाच्या तोंडात चप्पल दिसली की आपण ओरडत मागे धावतो. त्याला वाटतं, खेळ सुरू झाला. संत नामदेवांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. कुत्रं भाकरी घेऊन पळालं तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आपण काही नामदेव नाही, आपण काठी घेऊन धावतो. धावूच नका. हातात भाकरीचा तुकडा घ्या, जवळ बसा, त्याच्या नाकापुढं धरा आणि "सोड" म्हणा. चप्पल सुटली की तुकडा द्या, शाबासकी द्या, आणि लगेच त्याची वेणी त्याच्या तोंडात द्या. रोज पाच-सहा वेळा हे केलं तर दोन-तीन आठवड्यांत "सोड" शब्दाला ते ओळखायला लागतं. काकूंच्या घरी हा एक शब्द शिकवला असता, तर नातवाला हात घालावा लागला नसता.

खेळताना हाताला दात लावले तर मारू नका, तोंड दाबू नका. हात सैल सोडा, खेळ थांबवा, उठून पाठ फिरवा. घरातल्या सगळ्यांनी असंच करायचं. एकानं हात चावू द्यायचा आणि दुसऱ्यानं मारायचं, असं झालं तर त्याला काही कळत नाही. लहान लेकराला पिल्लाजवळ एकटं सोडू नका. कुत्रं खात असताना, चावत असताना त्याच्या तोंडाशी जायचं नाही, हे पोरांना नीट सांगा.

चौथी गोष्ट, दमवा. कापूस वेचणीच्या दिवसांत आपण सकाळी जातो ते दिवे लागणीला येतो. पिल्लू दिवसभर खुंट्याला एकटं. करील काय ते? दोरी चावील, खुंटा चावील, दाराची चौकट चावील. मावशींनी मोत्याला वावरात न्यायला सुरुवात केली. पहाटे उन्हाआधी एक फेरी, संध्याकाळी शेळ्यांमागे एक फेरी. भाकरीचे तुकडे एकाच ठाणीत न देता गवतात पसरून टाकायच्या, शोधत बसायचा. दुपारी बाभळीखाली निवांत झोपायचा. बांधावं लागलं तर सावलीत बांधा. आपल्याकडचं वैशाखाचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पाण्याचं भांडं जड घ्या, सांडणार नाही असं. मोत्यानं नळ्या फोडल्या, तेव्हा वावरात त्याच्या पाण्याची सोय नव्हती. नळीतून पाणी येतं, हे त्याला एकदा कळलं होतं. बांधावर मातीचं भांडं भरून ठेवायला लागल्यावर नळ्या वाचल्या.

पाचवी गोष्ट पोटाची. उपाशी पिल्लू किंवा पोटात जंत झालेलं पिल्लू मातीसुद्धा खातं. वाढत्या पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं. सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरतं. भाकर, फोडणी न घातलेलं वरण, अंडं, ताक चालतं. कांदा-लसणाची भाजी देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या.

आता माराबद्दल शेवटचं. सकाळी फाडलेल्या पोत्यासाठी संध्याकाळी मारलं तर कुत्र्याला त्याचा संबंध लागत नाही. त्याला एवढंच कळतं की बाई घरी आली की मार बसतो. आपण म्हणतो, "बघा कसं तोंड पाडून बसलं, चूक कळली त्याला." चूक कळलेली नसते. ते भ्यालेलं असतं. आणि भ्यालेलं कुत्रं कधीतरी चावतं. काही जणी चपलेला मिरची लावतात, कोणी रॉकेल लावतात. मिरची डोळ्यांत जाते, रॉकेल पोटात जातं. ते नको. खाटेच्या पायाला आम्ही कडुलिंबाचा पाला वाटून लावला होता. कडूपणानं थोडे दिवस गुण आला. पण वरच्या पाच गोष्टी नसतील तर पाल्यानं काही होत नाही.

चावण्याच्या वयात आणखी एक काम चुकवायचं नाही. तीन महिन्यांचं पिल्लू झालं की रेबीजची लस द्या, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि पुढं दरवर्षी. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पशुसखीला विचारा, नाहीतर १९६२ या क्रमांकावर फोन करा. जनावरांच्या दवाखान्याच्या फिरत्या गाडीसाठी हा क्रमांक आहे, फोनला पैसे लागत नाहीत. पिल्लाचा दात लागून रक्त आलं, नुसता ओरखडा निघाला, तरी "घरचंच आहे" म्हणून सोडून देऊ नका. नळाखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

खेळकर चावणं आणि आजाराचं चावणं वेगळं असतं. एरवी शांत असलेलं कुत्रं एकाएकी दगड, काठ्या चावायला लागलं, तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला, दिसेल त्याच्या अंगावर जातं, तर त्याच्या जवळ जाऊ नका. लेकरं, ढोरं आत घ्या आणि डॉक्टरांना कळवा. तिथं भाकरीचा तुकडा आणि "सोड" चालत नाही.

आणि सोडून देण्याबद्दल. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं हाल होतील असं सोडून देणं हा प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण आम्ही कायद्याच्या भीतीनं बोलत नाही. आपल्या गावानं सोडलेलं कुत्रं दुसऱ्या गावाच्या शाळेजवळ फिरतं, आणि त्या गावानं सोडलेलं आपल्या शाळेजवळ. त्याला ना लस असते, ना मालक. चावलं तर कोणाचं तरी लेकरू इंजेक्शनं घेतं. म्हणून पाळायचं तर दीड वर्षाची तयारी ठेवून पाळा. तेवढी तयारी नसेल, तर पोरं हट्ट करतात म्हणून पिल्लू उचलून आणू नका.

मोत्या आता दोन वर्षांपुढं गेला आहे. पहिल्या दिवाळीला त्यानं वही खाल्ली, होळीला नळ्या फोडल्या. पुढच्या पोळ्याला महिन्यातून एखादी वस्तू जायची. त्याच्या पुढच्या दिवाळीला आमच्या चपला दारात रांगेनं पडलेल्या होत्या आणि तो त्यांच्यापाशी झोपला होता. अजूनही तो चावतो, पण स्वतःची वेणी चावतो. रात्री शेळ्यांच्या कुडापाशी असतो. मागच्या हिवाळ्यात मावशींच्या हरभऱ्यात रानडुकरांचा कळप शिरला, तेव्हा पहिला तोच भुंकला.

कुरतडलेली वही आम्ही बदलली नाही. सह्या वाचता येतात, हिशोब जुळतो. तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारलं, हे काय? मावशी म्हणाल्या, "आमच्या राखणदाराचा अंगठा आहे तो."

तर सख्यांनो, या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. कोणाकोणाच्या घरी दीड वर्षाच्या आतलं कुत्रं आहे, त्यांची नावं काढा. लस झाली का ते विचारा. आणि एक जुनं लुगडं घेऊन सगळ्या मिळून वेण्या घाला. ज्या बाईचा धीर सुटत चालला आहे, तिला आधी पिल्लाचं तोंड उघडून दात बघायला लावा.

बरं, आम्ही थांबतो. चपला तेवढ्या उचलून ठेवा. नमस्कार.